पुलावरच्या तिघी

शुक्रवारी दुपारी सव्वादोनच्या एस.टी.ने विणकर संस्थेचा नमुना बीडला गेला. तिथून तो मुंबईला जायचा होता. तीन वाजता सर शाळेच्या व्हरांड्यात भेटले. त्यांनी विचारलं, "बाई, नमुना उतरला का?" मी म्हणाले, "नाही सर, अजून मागावर आहे."

तो बहात्तरच्या दुष्काळातला शुक्रवार होता. चौसाळ्यापासून कोसावरच्या त्या गावात सर चित्रकला शिकवायचे आणि मी इतिहास. गावातल्या सतरंजी विणणाऱ्यांच्या सहकारी संस्थेची मी बिनपगारी चिटणीसही होते. गावात इंग्रजी पत्र लिहू शकणारी माणसं दोनच. दुसरे मुख्याध्यापक, आणि त्यांचं अक्षर त्यांना स्वतःलाही लागत नसे.

सर गेल्या महिन्यात गेले. नव्वदीला आले होते. शाळेने शोकसभेसाठी माझ्याकडे दोन पानं मागितली. मी ती लिहून दिली, आणि शोकसभेत जे लिहायचं असतं तेच त्यांत लिहिलं. हे त्या दोन पानांत बसलं नाही.

सर कुणाकडेही चहाला गेले की आधी बशी उपडी करून बघत. कुठल्या कारखान्याची, कुठल्या देशाची, खाली शिक्का आहे का. एकदा सरपंचांकडे घाई झाली. चहा बशीत ओतून झाल्यावर त्यांना आठवण झाली की खालची बाजू बघायची राहिली. त्यांनी भरलेली बशी डोक्याच्या वर धरली आणि मान मागे टाकून बघू लागले. चहा बाहीतून कोपरापर्यंत गेला. सरपंच म्हणाले, "मास्तर, काय चाललंय?" सर म्हणाले, "जपानची हाय. पण नक्षी चीनची चोरलेली हाय." आणि उरलेला चहा प्यायले.

बारा महिने ते एकच सुती कोट घालायचे. त्याच्या खिशांत खडूचे तुकडे आणि निळीच्या पुड्या असत. कपड्याची नीळ, किराणा दुकानात मिळते ती. महागाचा निळा रंग परवडत नसे म्हणून ते नीळ डिंकात कालवून चित्रं रंगवत. त्यांच्या नखांच्या कडा कायम निळ्या. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला म्हणायच्या, "माझ्या घरातल्या धोतराला न्हाई तेवढी नीळ ह्यांच्या कागदाला लागती. धोतर पिवळं आन् नखं निळी, आसा नवरा हाय माझा."

फळ्यावर काही लिहिण्याआधी ते त्याला चौकट काढत. सरळ रेघ आत वळते, पुन्हा वळते, परत बाहेर येते आणि पुढच्या घरात शिरते, अशी अखंड पट्टी. ही चिनी पट्टी. ती काढण्यात तासाची दहा मिनिटं जात. पुढच्या तासाला मी फळा पुसायला गेले तर दारातून ओरडत, "बाई, मधलं पुसा, कड राहू द्या!" त्या खोलीत माझं मराठ्यांचं राज्य वर्षभर चिनी चौकटीत उभं राहिलं आणि तिच्यातच बुडालं.

त्यांच्याकडे एक जाड पुस्तक होतं. पुठ्ठा गेलेला, पहिली पानं फाटलेली. निजामाच्या काळात ते ड्रॉइंगच्या परीक्षेसाठी हैदराबादला गेलते, तेव्हा जुन्या बाजारात घेतलेलं. आत चिनी बरण्यांवरच्या नक्षीची रंगीत पानं होती: कमळं, ढग, वेली, वटवाघळं. मजकूर इंग्रजी. सरांना इंग्रजी वाचता येई, पण एका पानाला आठवडा लागे. शनिवारी शाळा सकाळची असायची. दुपारी मी त्यांच्या ओट्यावर बसून ते पुस्तक वाचायची आणि मराठीत सांगायची. आमची ओळख वाढली ती तशी. माझ्यासारख्या नव्याने नोकरीला लागलेल्या, कमी बोलणाऱ्या बाईला त्या गावात दुसरं जायला ठिकाणही नव्हतं.

त्या पुस्तकाच्या लेखकाने सुरुवातीलाच कबूल केलं होतं की तो चीनला कधी गेलेला नाही. लंडनमधल्या लोकांनी आणलेल्या बरण्या बघून त्याने सगळं काढलं होतं.

"म्हंजी ह्यानं चीन बघितलाच न्हाई?" सरांनी विचारलं.

"तुम्ही तरी कुठे बघितलाय?"

"मी न्हाई बघितला. पण मी पुस्तक काढलं का?"

इंग्रजांवर त्यांचा राग होता, पण तो राज्य केल्याबद्दल नव्हता. आमचा मुलूख तर निजामाचा. त्यांचा राग होता नक्षीबद्दल. त्यांचं म्हणणं असं, की दोन-अडीचशे वर्षांपूर्वी चिनी बरण्या, रेशीम, भिंतीचे कागद युरोपात गेले, आणि तिथल्या लोकांना त्यांचं वेड लागलं. मागणी इतकी वाढली की कारागिरांनी घरबसल्या चीन काढायला सुरुवात केली. खुर्चीच्या पाठीला चिनी जाळी, भिंतीवर चिनी पाखरं, बागेत चिनी छपरी. ज्यांनी हे काढलं त्यांना त्यातल्या एकाही गोष्टीचा अर्थ माहीत नव्हता. "बाई, ढग म्हणून काढलेलं ह्यांनी शेवाळ म्हणून काढलं," ते म्हणायचे. "वटवाघूळ म्हंजी तिकडं बरकत. ह्यांनी त्याची फुलपाखरं केली. लबाड लोकं."

तहसील कचेरीतला किस्सा गावात पुष्कळ दिवस चालला. शाळेतल्या मुलांसाठी दुष्काळातल्या खाऊची, सुकडीची, पोती मिळायची होती, म्हणून मुख्याध्यापकांनी आम्हा दोघांना पाठवलं. मी तहसीलदारांना अर्ज समजावून सांगत होते. बोलता बोलता बाजूला बघितलं तर सर नाहीत. ते तहसीलदारांच्या खुर्चीमागे गुडघ्यांवर बसले होते.

"साहेब, जरा उठता का?"

"का हो?"

"तुमच्या पाठीमागं चीन हाय."

शिपाई तोंडाला रुमाल लावून बाहेर गेला. तहसीलदार भले गृहस्थ होते. उठले, वळले, आणि दोन वर्षं ज्या खुर्चीत बसत होते तिची पाठ त्यांनी पहिल्यांदा बघितली. निजामाच्या काळातली जुनी खुर्ची, पाठीला आडव्यातिडव्या पट्ट्यांची जाळी. सरांनी बोट फिरवत सांगितलं, ही जाळी चीनच्या खिडकीची. ती इंग्रजाने खुर्चीला लावली. ती खुर्ची बघून हैदराबादच्या सुताराने ही केली. "तीन मुलूख फिरून ही नक्षी तुमच्या पाठीला टेकली, साहेब." तहसीलदारांनी त्यांना चहा पाजला. सुकडीची पोती मात्र सांगितलेल्या तारखेला आली नाहीतच.

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हाची गोष्ट. माझे वडील माझ्याजवळ राहत. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली होती, आणि भिंतीवर बुद्धाच्या चित्राचं एक कॅलेंडर वर्षं उलटली तरी तसंच टांगलेलं असे. सर आत आले, नमस्कार वगैरे काही नाही, थेट भिंतीजवळ गेले.

"दादा, हे ढग चीनचे हायेत."

वडिलांचा चेहरा उतरला. "सर, आमच्या भगवंताच्या मागं चीन कुठून आलं?"

"रागावू नका. हे खालचं कमळ बघा. ते इथून तिकडं गेलं, भिक्कूंनी नेलं. तिकडच्या लोकांनी ते बरण्यांवर काढलं. आन् त्यांचे ढग इकडं आले. तुमच्या भिंतीवर दोघांची गाठ पडली."

वडील उठून चित्राजवळ गेले आणि ढग बघून आले. मग मला म्हणाले, "बाई, सरांना कांदाभजी कर." त्यानंतर घरी कोणीही आलं की वडील त्याला ते ढग दाखवायचे.

चीनशी लढाई झाली त्या साली मी गावात नव्हते, पण ऐकलं ते असं. पोरं त्यांना चिनी मास्तर म्हणायचीच. कुणीतरी पोलीस पाटलाच्या कानावर घातलं की मास्तर रोज फळ्यावर चीनच्या खुणा काढतो. पाटील शाळेत आले. "मास्तर, तुमी आमचे का चीनचे? खरं सांगा बे." सर म्हणाले, "पाटील, गावातल्या लोणच्याच्या सगळ्या चिनीमातीच्या बरण्या आधी जप्त करा. तुमच्या वहिनीची मोठी बरणी पयली. मग मला धरा." पाटील हसत परत गेले, पण त्या वर्षी मुख्याध्यापकांनी फळ्याची चौकट बंद करवली. सरांनी ती घरी जमिनीवर काढली. काकू रोज सकाळी ती सारवून टाकत, आणि ते रोज पुन्हा काढत.

आता दुष्काळाकडे येते.

सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं होतं. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं होतं, आणि निम्मं गाव तिथे माती वाहत होतं किंवा खडी फोडत होतं. एके दिवशी सरांनी वर्गात सांगितलं की फळ्यावरच्या पट्टीला चीनमध्ये गडगडाटाची नक्षी म्हणतात, आणि तिकडचे शेतकरी तिला पावसाची खूण मानतात. दुसऱ्या दिवशी मी शाळेत आले तर सबंध इमारतीला, कमरेच्या उंचीवर, गेरूने ती पट्टी काढलेली. आठवीच्या मुलींनी आणि मुलांनी शाळा सुटल्यावर बसून केलेली. मुतारीची भिंतही सोडली नव्हती. मुख्याध्यापक संतापले. सर मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत येऊन म्हणाले, "सात ठिकाणी रेघ तुटलीय. म्हणून येत न्हाई पाऊस." मुलांनी त्या सात जागा जोडल्या. पाऊस आला नाही.

विणकर संस्थेचे सोळा माग होते. चार बंद पडून त्यांची माणसं तलावावर गेलती. उरलेले बारा चालू राहायचे तर सूत हवं, आणि सूत मिळायचं ते ऑर्डर हातात असली तरच. संस्थेचे चेअरमन रहीमचाचा. साठीचे, बारीक, बोलताना बोटं सतत हलणारे, जणू समोर मागाच्या उभ्या धाग्यांचा ताणा आहे. त्यांचा धाकटा भाऊ त्या बंद पडलेल्या चार मागांपैकी एकावर बसायचा. तीन महिने खडी फोडून तो एका संध्याकाळी मागांच्या शेडमध्ये आला आणि सवयीने मागावर बसला. थोड्या वेळाने उठला. रहीमचाचांनी त्याचा हात माझ्यापुढे धरला. "मास्तरीणबाई, बघा. बोटाला धागा लागतच न्हाई म्हणतो. तुटला का जुळला, कळतच न्हाई. खडीचा हात परत मागावर येत न्हाई. बारा घरं हायेत अजून. मला ह्यांचे हात राखायचेत."

त्याच सुमारास मुंबईचा एक निर्यातदार जीपने आला. त्याच्याकडे परदेशी मासिकातून कापलेलं एक रंगीत पान होतं: एका गोऱ्या माणसाची बैठकीची खोली, सगळं निळं-पांढरं, आणि भिंतीवर टांगलेल्या ताटल्या. "तिकडे पुन्हा चायनीजची फॅशन आलीय," तो म्हणाला. "अशा डिझाइनची सतरंजी द्या. पसंत पडली तर वर्षभराचं काम. नमुना महिन्याच्या अखेरीस माझ्या टेबलावर पाहिजे, नाहीतर मी दुसरीकडे जातो."

मी सरांना बोलावणं पाठवलं. ते आले, त्यांनी ते पान बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता हे पान फाडतात.

पानावरच्या ताटल्यांसारखीच एक ताटली सरांच्या घरी होती. बीडच्या एका भंगारवाल्याकडून आणलेली. निळ्या रंगात एक झुकलेलं झाड, एक पूल, पुलावर तीन माणसं, नाव, देऊळ, आणि वर आभाळात दोन पाखरं. ताटली इंग्लंडची. त्या चित्राबरोबर एक गोष्ट सांगतात, दोन प्रेमी पळून जातात, बाप मागे लागतो, शेवटी त्यांची पाखरं होतात. सर म्हणायचे, "ही गोष्ट चीनमध्ये कुणालाच म्हाईत न्हाई. ताटल्या खपवायला इंग्रजांनी रचली. झाड खोटं, पूल खोटा, गोष्ट खोटी." मग आवाज उतरवून पुढे सांगत, "आन् लाज अशी बाई, की पुढं चीनचेच कुंभार ही खोटी ताटली बनवून इंग्रजांना विकायला लागले." ती ताटली त्यांनी मुद्दाम विकत घेतली होती, खोटं कसं दिसतं ते मुलांना दाखवायला.

"सर," निर्यातदार म्हणाला, "हेच पाहिजे. पूल, झाड, पाखरं."

"हे चीनचं न्हाई."

"मला चीनचं नकोय. चायनीज पाहिजे."

सर उठून निघाले. रहीमचाचा त्यांच्या मागे गेले. शेडच्या दारात दोघं बराच वेळ उभे होते. चाचा काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मी फक्त इतकं बघितलं, की त्यांनी सरांचा निळ्या नखांचा हात आपल्या हातात घेतला आणि तळवा वर करून बघितला. सर परत आले आणि म्हणाले, "करतो. पण माझी अट हाय. ताटली हाय तशीच उतरली पाहिजे. खोटं तर खोटं, पण नक्कल खरी पाहिजे. एक रेघ बी इकडची तिकडं न्हाई. आन् नमुना माझ्या नजरेखालून गेल्याबिगर गावाबाहेर जाणार न्हाई. बाई, शब्द द्या."

मी शब्द दिला.

आठ दिवस सरांनी चौकटीच्या कागदावर ताटली उतरवली. सतरंजीत गोलाई येत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी वळावं लागतं. प्रत्येक चौकट म्हणजे किती धागे ते त्यांनी चाचांना विचारून घेतलं. कागद शेडमध्ये चाचांच्या मागावर गेला. विणायला चाचा आणि त्यांच्या पत्नी हमीदाबी दोघं एका मागावर शेजारी शेजारी बसत. चाचांना वरची बाजू, म्हणजे पाखरं आणि देऊळ. हमीदाबींकडे झाड आणि पूल.

त्या शुक्रवारी सकाळी नमुना उतरला. दुपारी मी शाळेतून तासाभराची सुट्टी घेऊन शेडमध्ये गेले. चाचांनी सतरंजी जमिनीवर पसरली आणि मी बघतच राहिले.

पाखरं ताटलीतली होती. देऊळ होतं. पण झुकलेल्या झाडाची बाभूळ झाली होती. काटेसुद्धा होते, पांढऱ्या धाग्याचे, दोन-दोनच्या जोडीने. पुलाची कमान नव्हती, पूल म्हणजे सरळ चढत गेलेला मातीचा बांध, वरच्या तलावाचा असतो तसा. आणि त्याच्यावरून चाललेली तीन माणसं म्हणजे तीन बाया होत्या. पदर खोचलेल्या. तिघींच्या डोक्यावर घमेली.

"हमीदाबी, हे काय केलंत?"

"काय केलं?" त्या शांतपणे सूत गुंडाळत होत्या. "सरांचा कागद बघूनच केलं."

"कागदावर घमेली कुठे आहेत?"

"त्यांच्या हातात कायतरी होतं. काय ते कळंना. ह्यांना इचारलं, ह्यांना बी कळंना. मग म्हणलं, पुलावरून तीन माणसं काय उगीच जात्यात का? कायतरी वाहूनच नेत आसतील की. इथं सगळे काय वाहत्यात? तेच दिलं."

"आणि झाड?"

"तसलं लोळणारं झाड आसतं का कुठं? जनावरानं खाल्लं आसतं." मग माझ्याकडे बघून, "कावून, वाईट दिसतं का?"

वाईट दिसत नव्हतं. तेच अवघड होतं. मला ती सतरंजी फार आवडली, आणि सर ती जाऊ देणार नाहीत हेही मला त्याच क्षणी कळलं. उसवून पुन्हा विणायला नऊ दिवस. महिना संपायला राहिले होते तीन.

चाचा म्हणाले, "मास्तरीणबाई, सरांना आणा. बघतील आन् पाठवू."

मी म्हणाले, "सर वर्गावर आहेत. मी दाखवते."

मी नमुना सुतळीने बांधला, पोत्यात शिवला, आणि सव्वादोनच्या एस.टी.च्या कंडक्टरच्या हातात दिला. बीडच्या स्टँडवर निर्यातदाराचा माणूस घेणार होता. मग शाळेत परत आले, आणि पुढे काय झालं ते सुरुवातीला लिहिलंय.

त्यानंतरचे सोळा दिवस मी विसरलेले नाही. सर रोज विचारायचे. मी म्हणायची, सूत कमी पडलं, मग म्हणाले, चाचांना ताप आहे, मग हमीदाबींना. एक खोटं टिकवायला मी सगळ्या घराला आजारी पाडलं. सर म्हणाले, "मी बघून येतो." मी म्हणाले, "नको, साथीचा ताप आहे." त्या तिन्ही शनिवारी मी पुस्तक वाचायला गेले नाही. काकूंनी दारातून विचारलं, "बाई, ह्यांचं काय चुकलं का?" मी वह्या तपासायच्या राहिल्यात म्हणून निघाले. माणूस माझ्यावर विश्वास ठेवतो म्हणून मी त्याला फसवू शकते, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. नमुना नापसंत पडला असता तर मी सरांनाही फसवलं होतं आणि बारा घरांनाही. उसवून, वाद घालून, मुदत मागून काहीतरी करता आलं असतं; ती वाटही मीच बंद केली होती.

पत्र सतराव्या दिवशी आलं, शाळेच्या पत्त्यावर. शिक्षकांच्या खोलीत सर समोरच बसले होते. पोस्टमन म्हणाला, "मुंबईचं हाय बाई." सरांनी वर बघितलं. आता लपवायला जागाच नव्हती. मी पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचलं. चारच ओळी होत्या. चायनीज डिझाइन पसंत आहे. पार्टी खूश आहे. निळा रंग थोडा गडद करावा. वर्षभराची ऑर्डर सोबत जोडली आहे, सूत पाठवत आहोत.

मला रडू आलं. सर मात्र पत्राकडे बोट दाखवून म्हणाले, "कसलं डिझाइन? नमुना तर मागावर हाय."

मी सगळं सांगितलं. बाभूळ, बांध, बाया, कंडक्टर, ताप. सरांनी टोपी घातली आणि चालायला लागले. मी मागे. शाळेपासून शेडपर्यंत पाव मैल असेल. तेवढं अंतर मी कधी इतकं लांब चालले नाही.

ऑर्डर येवो न येवो, असलेल्या सुतावर हमीदाबींनी दुसरी सतरंजी लावली होती. ती अर्धी झाली होती, पुलापर्यंत. सर मागासमोर उकिडवे बसले. बोटाने बांध मोजला. घमेली मोजली. मग हात खाली घालून कापड उलटं करून बघितलं. सतरंजीला उलटी बाजू नसते, खालीही तेच चित्र होतं.

"ह्या कोण?" त्यांनी विचारलं.

"मधली माझी जाऊ," हमीदाबी म्हणाल्या. "पुढची शेवंता, मागची तिची नणंद. रोज दारावरून जात्यात. सर, ताप कुणाला आलता म्हणं? बाई सांगत होत्या का?"

"तुमाला आलता."

"मला? मला बाळंतपणात बी ताप आला न्हाई."

चाचा हसले. सरांनी त्या तिघींवरून पुन्हा बोट फिरवलं. मग माझ्याकडे न बघता बोलले. त्यांचे शब्द जसे आठवतात तसे लिहिते.

"बाई, तिकडं इंग्लंडात बी आसंच झालं आसंल. कुणीतरी ताटलीवर रेघा कोरत बसला आसंल. चीन बघितलेला न्हाई. पुढं बरणी, आन् खिडकीतून दिसतंय आपलंच झाड. हातात काय धरलंय ते कळंना, म्हणून जे म्हाईत ते दिलं. मी वीस वर्षं त्याला लबाड म्हणतोय." मग म्हणाले, "लबाड नसंल तो. कामाला बसलेला आसंल."

मग ते उठले आणि हमीदाबींना म्हणाले, "बाभळीचे काटे जरा लांब लांब करा. जोडीनं बरोबर हायेत, पण जोडी लई जवळ झाली."

"आता बरं सुचतंय," हमीदाबी म्हणाल्या. "तवा ताप होता."

परत येताना मी माफी मागायला तोंड उघडलं. सर म्हणाले, "खोटं बोललात त्याची शिक्षा हाय. चिनी पट्टी, शंभर येळा. हातानं. पट्टी लावायची न्हाई." मला वाटलं चेष्टा आहे. पुढच्या सोमवारी त्यांनी वही मागितली. मी चोवीस वर्षांची, नोकरीतली बाई, आठवीच्या मुलींसारखी बसून शंभर पट्ट्या काढल्या. त्यांनी लाल शाईने तपासल्या आणि अकरा परत काढायला लावल्या. रेघ तुटली होती. त्यानंतरच्या शनिवारी मी पुन्हा पुस्तक घेऊन ओट्यावर बसले, आणि काकूंनी न विचारता चहा आणला.

सगळं सुटलं असं नाही. बारा माग दुष्काळभर चालले, पण आधी गेलेल्या चार मागांपैकी दोन पुन्हा उभे राहिले नाहीत. चाचांचा भाऊ पुढे चौसाळ्याला फळांच्या गाडीवर बसायचा. सतरंजीतल्या त्या बाया तिकडे कोणाला दिसल्याच नाहीत, हे सरांना लागलं. त्यांनी निर्यातदाराला अकरा पानी पत्र लिहिलं: पुलावर कोण आहेत, कुठे चालल्या आहेत, झाड कोणतं. मला इंग्रजीत करायला दिलं. मी केलं, एक शब्द न गाळता, आणि त्यांच्यासमोर पेटीत टाकलं. उत्तर आलं नाही. परदेशात कुठेतरी, कुणाच्या तरी बैठकीत, शेवंता, तिची नणंद आणि हमीदाबींची जाऊ चिनी म्हणून टांगल्या गेल्या.

मी पुष्कळ वर्षं विचार करत राहिले की मी त्या दिवशी बरोबर केलं का. पाच वर्षांपूर्वी सरांना भेटायला गेले. दिसणं जवळजवळ बंद झालं होतं, तरी बशी हाताने चाचपून बघितली. मी विचारलं, "सर, तुम्ही तो नमुना आधी बघितला असता तर जाऊ दिला असता?"

"न्हाई," ते म्हणाले. जराही थांबले नाहीत. "उसवायला लावला आसता. बरं झालं तुमी खोटं बोललात. पण कुणाला सांगू नका मी आसं म्हणलो."

ते मी आज सांगते आहे. सांगितल्याने हलकं वाटतंय.

संस्था पंधरा वर्षांपूर्वी बंद झाली. रहीमचाचा आणि हमीदाबी नाहीत. शेड आहे. त्यात त्या बारा घरांतले तीन माग अजून चालतात. त्यांवर बसणाऱ्या तिघांपैकी कुणाच्याही हाताने कधी खडी फोडलेली नाही.